सामाईक सरोवर व नववी आज्ञा



देवानें सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारें ज्या दहा आज्ञा दिल्या, त्यांपैकीं नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याविषयीं आहे. ती आपण आपल्या मुलांकडून शब्बाथशाळेंत पाठ करवून घेतों. आणि बहुतेकांची समजूत अशी असते कीं, तिचा संबंध केवळ कोर्टकचेरीशीं आहे, व जो शपथ घेऊन जाणूनबुजून लबाड बोलतो तोच काय तो ती मोडितो. परंतु या पापाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो पुष्कळच अधिक प्रचारांत आहे. एखादी गोष्ट मनुष्यास ठाऊक नसते, ती शोधून काढण्याचे श्रमही तो घेत नाहीं, आणि तरी ती पक्की ठाऊक असल्याप्रमाणें तो शेजाऱ्यावर ठपका ठेवितो. अशा मनुष्यानें नववी आज्ञा मोडिली किंवा नाहीं? आणि ज्या गोष्टीवरून आपण दुसऱ्यास दोष देतों ती आधीं नीट मोजून व तपासून पाहणें हें केवळ विद्वानांचें काम आहे, कीं तें ख्रिस्ती मनुष्याच्या कर्तव्यांतच येतें?

या प्रश्नाचा विचार एका खऱ्या स्थळाच्या आधारानें केला तर तो अधिक स्पष्ट होईल. तें स्थळ म्हणजे आफ्रिका खंडांतील चाड नांवाचें सरोवर होय. पाण्यावरून माणसांमाणसांत जितके आरोप होतात तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच होत असतील, हें ज्यांस गांवच्या विहिरीचा व ओढ्याचा अनुभव आहे त्यांस सांगावयास नको. म्हणून आपली परीक्षा पाहण्यास हेंच उदाहरण योग्य आहे.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस हें सरोवर आहे. नायजेरिया, नायजर, चाड व कॅमेरून या चार देशांच्या सीमा त्याच्या पात्रांत येऊन मिळतात. परंतु ज्या भूमीचें पाणी त्याकडे उतरतें ती भूमि, म्हणजे त्याचें खोरें, याहून फार विस्तृत आहे. तें सुमारें २४ लक्ष चौरस किलोमीटर भरतें. आपल्या महाराष्ट्रासारखीं सात-आठ राज्यें त्यांत मावतील. सरोवरास येणाऱ्या पाण्यापैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक पाणी शारी व तिला मिळणारी लोगोन या नद्या आणितात, आणि त्यांचे उगम दूर दक्षिणेस मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकांत व कॅमेरूनच्या डोंगराळ प्रदेशांत आहेत. सरोवरावर पाऊस थोडा पडतो, आणि उन्हानें मात्र वर्षाकाठीं सुमारें दोन मीटर पाणी वाफ होऊन जातें. दक्षिणेस जुलै ते सप्टेंबरपर्यंत पडलेल्या पावसाचा पूर एन्जामेना शहरापाशीं आक्टोबर-नोव्हेंबरांत येतो, व सरोवराची पातळी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पूर्ण चढते. याप्रमाणें कांठच्या कोळ्याच्या डोक्यावर आकाश निरभ्र असतें तेव्हां त्याच्या पायाशीं पाणी वाढत असतें. तें पाणी त्यानें कधीं न पाहिलेल्या देशांतून, त्यानें कधीं न पाहिलेल्या माणसांच्या शेतांजवळून आलेलें असतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या सरोवरांतून एकही नदी समुद्रास जात नाहीं. अशा बंद तळ्याचें पाणी बहुधा खारें होतें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें तळें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें ठाऊक आहे. पण चाड सरोवराचें पाणी गोडें आहे. शोध करितां असें आढळलें कीं, त्यांतील कांहीं पाणी जमिनींत झिरपून जातें, आणि जातांना क्षार आपल्याबरोबर नेतें. वरवर पाहणारा म्हणेल कीं, हें पाणी फुकट गेलें. परंतु त्याच्याच जाण्यानें उरलेलें पाणी पिण्याजोगें राहतें. डोळ्यांस दिसतें तेवढ्यावरून पाण्याविषयीं निवाडा करणारा कसा फसतो याचें हें पहिलें उदाहरण झालें.

आतां आरोपांकडे वळूं. १९६३ सालीं या सरोवराचा विस्तार सुमारें २५,००० चौरस किलोमीटर होता. पुढें १९७२-७३ सालीं, आणि पुन्हां १९८३ ते १९८५ या वर्षांत, भयंकर अवर्षण पडलें. १९७३ सालीं सरोवराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पडले, आणि १९८५ च्या सुमारास उघडें पाणी पूर्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उरलें. बेटांवर राहणारे बुडुमा लोक, कांठचे कानुरी व कानेम्बू शेतकरी, गुरें घेऊन फिरणारे धनगर, या सर्वांवर संकट आलें. नायजेरियानें सरोवराचें पाणी शेतीस नेण्याकरितां मोठा कालवा खणला होता, पण सरोवर मागें हटल्यामुळें त्याच्या तोंडाशीं पाणीच राहिलें नाहीं.

असें घडलें म्हणजे कोणीतरी अपराधी पाहिजे असतो. प्रथम धनगरांवर बोट गेलें. १९७५ सालीं एक मत पुढें आलें कीं, गुरांनीं गवत खाऊन जमीन उघडी पाडिल्यामुळें त्या प्रदेशांत पाऊसच कमी झाला. पुढें पाटबंधाऱ्यांवर बोट गेलें. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणितांत सरोवराच्या घटीचा बराच मोठा भाग शेतीसाठीं उपसलेल्या पाण्याकडे लाविला होता. आणि तिसरी गोष्ट जगभर पसरली ती ही कीं, हें सरोवर मरत चाललें आहे व लवकरच नाहींसें होईल.

या तिन्ही गोष्टी बोलणारे लबाड होते असें नाहीं. परंतु त्या खऱ्या कीं खोट्या हें ठरविण्यास मोजणीवांचून दुसरा मार्ग नव्हता. ही मोजणी कशी होते तें थोडक्यांत सांगतों. नदीच्या कांठीं आंकडे घातलेली पट्टी उभी केलेली असते. एक मनुष्य रोज ठरल्या वेळीं जाऊन पाणी कोठवर आलें तें लिहून ठेवितो. अधूनमधून होडींत बसून पात्राची रुंदी, ठिकठिकाणची खोली व पाण्याचा वेग मोजितात, आणि त्यांवरून किती पाणी वाहत आहे याचा हिशेब काढितात. अशीं पुष्कळ मापें जमलीं म्हणजे पुढें नुसत्या पट्टीवरील उंचीवरून प्रवाह सांगतां येतो. त्यांत पावसाच्या, वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याच्या व विहिरींच्या पातळीच्या नोंदी मिळवितात, आणि अलीकडे आकाशांत सोडलेल्या कृत्रिम उपग्रहांचीही मदत घेतात. किती आलें, किती गेलें व किती राहिलें असा हा कारभाऱ्याच्या वहीसारखा जमाखर्च असतो. हें काम दिखाऊ नव्हे. उन्हातान्हांत रोज त्याच पट्टीपाशीं जाऊन जो एक आंकडा खरा लिहितो, त्याचें नांव कोणास ठाऊक नसतें. पण शेजारच्या देशावर खोटा आरोप येऊं नये म्हणून जें करावयाचें तें तोच करीत असतो.

मग या वहींत काय निघालें? १९७० ते १९९० या काळांत शारी नदी पूर्वीच्या मानानें साधारण निम्मेंच पाणी आणीत होती, आणि याचें मुख्य कारण पावसाची तूट हें होतें. पाऊस थोडा घटला तरी नदी पुष्कळ घटते, कारण तहानलेली जमीन आपला वांटा आधीं घेते. आणि सरोवर उथळ असल्यामुळें पाणी थोडें उतरलें तरी कांठ मैलोगणती मागें जातो. धनगरांचें म्हणाल तर, २००३ सालापासूनच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, पाऊस घटण्याचें मोठें कारण महासागरांच्या उष्णतेंत झालेला फरक हें होतें. आणि त्या फरकास युरोप व उत्तर अमेरिका यांतील कारखान्यांचा धूरही कांहीं अंशीं कारण झाला असावा असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे ज्या गरिबाच्या गुरांवर दोष ठेविला होता त्याहून फार मोठा भाग त्याच्या दृष्टीपलीकडच्या कारणांचा होता! सरोवराच्या मरणाची वार्ताही तपासांत टिकली नाहीं. १९९० नंतर पाऊस कांहींसा सुधारला. उघडें पाणी तेवढेंच मोजल्यामुळें लव्हाळ्यांनीं व गवतानें झांकलेलें पुष्कळ पाणी हिशेबांतून सुटत होतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, त्यापूर्वींच्या सुमारें दोन दशकांत सरोवर आटत गेलेलें नाहीं; तें ऋतुमानाप्रमाणें उतरतें व पुन्हां भरतें. शिवाय २०२२ सालीं शारी व लोगोन यांच्या पुरानें एन्जामेनांतील हजारों लोकांस घरें सोडावीं लागलीं. ज्या देशाविषयीं जग केवळ कोरड्याची चिंता करीत होतें तेथें लोकांस पुराची चिंता करण्याची वेळ आली.

पण यावरून, मनुष्याचा कोठेंच दोष नव्हता, असें कोणी समजूं नये. खरी मोजणी निरपराध्यास सोडविते, तशीच ती अपराध्यास उघड करिते. कॅमेरूनच्या उत्तर भागांत भातशेतीकरितां १९७९ सालीं मागा येथें धरण बांधिलें. त्याच्यामुळें व नदीकांठच्या बांधांमुळें लोगोनचा जो वार्षिक पूर खालच्या सपाटीवर पसरत असे तो अडला. पूर गेल्याबरोबर उन्हाळ्यांतील चारा गेला, मासे गेले, आणि तेथील कोळी व गुराखी दरिद्री झाले. सरोवराच्या एकंदर घटीचें कारण पाऊस असेल. परंतु या गांवांच्या हानीचें कारण मनुष्याचा बांध हेंच होतें. मग जाणत्यांनीं प्रवाहांचा हिशेब केला, आणि असें आढळलें कीं, भातास लागणारें पाणी न तोडतां खालीं कांहीं पाणी सोडतां येतें. १९९४ सालीं एक बुजविलेला ओढा पुन्हां उघडण्यांत आला, व त्या सपाटीवर पूर आणि चारा हीं परत येऊं लागलीं. येथें मोजणीनें दोघांचें कल्याण केलें. वरच्याच्या तोंडचा घास काढिला नाहीं, आणि खालच्यास त्याचा हक्क मिळाला. जोंवर कोणी मोजिलें नव्हतें तोंवर एकाचें पोट भरावयाचें तर दुसऱ्याचें रिकामें राहिलेंच पाहिजे असें दिसत होतें.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा पाहिजे होता. तो मिळविण्याकरितां दोन खोटे साक्षी उभे केले गेले, आणि एका निरपराध मनुष्याचा प्राण व त्याचें वतन हीं दोन्ही गेलीं. खोट्या साक्षीचें खरें फळ हें असतें. ती केवळ जिभेचें पाप राहत नाहीं. तिच्या पाठोपाठ कोणाची तरी जमीन, पाणी किंवा भाकर जाते. चाड सरोवर मरत आहे या समजुतीवर मोठमोठ्या योजना उभारण्यांत आल्या. कांगो नदीच्या खोऱ्यांतून पाणी वळवून इकडे आणावें या विचारास २०१८ सालीं नायजेरियांत अबुजा येथें भरलेल्या परिषदेंत पाठिंबाही मिळाला. अशी योजना बरी कीं वाईट हा वाद येथें नको. पण आपल्या तळ्याचा हिशेब चुकीचा धरून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगावयास जाणें धोक्याचें आहे, हें कोणीही कबूल करील. ज्यानें तपास करतां येत असूनही केला नाहीं, त्याचें अज्ञान त्याची सबब होऊं शकत नाहीं. त्यानें लबाडी रचिली नसेल, पण सत्याकडे त्यानें पाठ फिरविली. आणि ज्याच्यावर ठपका बसला त्यास या दोहोंत कांहीं अंतर दिसत नाहीं.

येथें कोणी भाविक बंधु म्हणेल, पाऊस देणारा देव आहे. आपण माप घेऊन त्याच्या देणगीची मोजदाद करावी हा अविश्वास नव्हे काय? दावीदानें लोकांची गणती केली तेव्हां देवाचा कोप झाला नव्हता काय? बंधो, गणतीगणतींत भेद आहे. आपलें बळ किती हें पाहण्यासाठीं केलेली गणती निराळी, आणि कोणास कमी पडूं नये म्हणून केलेली निराळी. रानांत मान्ना पडला तेव्हां तो देवाचीच देणगी होता. तरी दर माणशीं ओमरभर असें माप देवानेंच नेमून दिलें होतें. योसेफानें मिसर देशांत सात वर्षें धान्य सांठविलें आणि तेणेंकरून लोकांचे प्राण वांचले. देणाऱ्यावर ज्याचा विश्वास आहे त्यानेंच देणगीचा हिशेब चोख ठेवावा. कारण ती त्याची स्वतःची नाहीं.

दुसरी शंका याहून खोल आहे, आणि ती आपल्यांतील गरिबांची आहे. ते म्हणतील, माप नेहमीं धनवानाच्या हातीं असतें. आंकडे तो लिहितो, आणि आमच्या वांट्यास त्याचा निकाल येतो. ही शंका पोकळ नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे वाडवडील सामाईक विहिरीपाशीं घागर घेऊन, कोणी वरून पाणी ओतील काय, अशी वाट पाहत उभे राहिले आहेत. त्यांच्या स्पर्शानें पाणी विटाळतें, ही साक्ष त्यांच्याविरुद्ध शतकानुशतकें दिली गेली, आणि तिचा तपास कोणीं केला नाहीं. १९२७ सालीं डॉक्टर आंबेडकर व त्यांचे सोबती महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां वाद न्यायालयांत गेला. अस्पृश्यांस या तळ्यावर येऊं न देण्याची वहिवाट फार पुरातन आहे असें प्रतिपक्ष म्हणत होता. परंतु १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें पुरावा पाहून असा निर्णय दिला कीं, ती पुरातन वहिवाट शाबीत झालेली नाहीं. सर्व गांव जें खात्रीनें म्हणत होता तें तपासांत उभें राहूं शकलें नाहीं! म्हणून गरिबानें मोजणीस भिऊं नये. तिचा आग्रह धरावा. मात्र ती उघड्यावर झाली पाहिजे, आंकडे सर्वांस दिसले पाहिजेत, आणि कोळ्याची, गुराख्याची व पाणी भरणाऱ्या बाईची आठवणही साक्षींत धरली पाहिजे.

तथापि मोजणीनें सर्व कांहीं होतें असेंही नाहीं. चाड सरोवराच्या चार देशांनीं १९६४ सालीं एक मंडळ स्थापिलें, आणि पाण्याच्या प्रवाहावर ज्यांचा मोठा परिणाम होईल अशीं कामें मंडळास आधीं कळविल्यावांचून करूं नयेत असें ठरविलें. २०१२ सालीं पाण्याविषयींची एक सनदही तयार केली. तरी धरणांवरून तक्रारी चालूच राहिल्या, आणि युद्धें व दंगे यांनीं त्या प्रदेशास ग्रासिलें. आंकडा मनुष्यास त्याचा वांटा किती हें सांगतो. वांट्याहून अधिक घेऊं नये ही इच्छा तो उत्पन्न करीत नाहीं. लोटानें डोळे वर करून यार्देनेची पाणथळ भूमि पाहिली. त्याचें पाहणें बरोबर होतें, पण निवड लोभाची होती. इसहाकाच्या चाकरांनीं खणलेल्या दोन विहिरींवरून गरारच्या गुराख्यांशीं तंटा झाला; त्या सोडून तो पुढें गेला, आणि तिसरीवर तंटा झाला नाहीं. तेथें सर्वांस जागा झाली म्हणून त्यानें तिचें नांव रहोबोथ ठेविलें. सत्य कळणें ही पहिली पायरी आहे. त्या सत्यापुढें आपला हात आवरणें ही दुसरी, आणि तिच्यासाठीं नवें हृदय लागतें. पण पहिल्या पायरीवर पाय न ठेवतां दुसरीवर कोणास चढतां येत नाहीं. कारण आपण दुसऱ्याचें किती घेत आहों हेंच ज्यास ठाऊक नाहीं, तो पश्चात्ताप तरी कशाचा करील?

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवीं येत्या उन्हाळ्यांत ओढा आटेल, आणि वरच्या वाडीनें पाणी चोरिलें अशी बोलवा उठेल. कदाचित् तें खरें असेल, कदाचित् नसेल. त्या वेळीं मंडळीतील कोणी तुम्हांपाशीं येऊन म्हणेल कीं, पाळकसाहेबांस सांगा, आपण सर्व मिळून त्यांच्यावर फिर्याद करूं. त्यास हळूच विचारा, विहिरींतील पाणी गेल्या वर्षीं या दिवसांत कोणत्या पायरीवर होतें? पाऊस किती दिवस पडला? वरच्या वाडीच्या विहिरी भरलेल्या आहेत काय, हें कोणी जाऊन पाहिलें आहे काय? विहिरीच्या पायऱ्यांवर चुन्याच्या रेघा ओढून दर आठवड्यास पातळी वहींत लिहून ठेवण्यास खर्च नाहीं. हें काम शाळेंतील मुलगाही करील. दोन वर्षांची अशी वही हातीं असली, आणि तशीच एक वरच्या वाडीनेंही ठेविली असली, तर पुष्कळ भांडणें उद्भवण्यापूर्वींच मिटतील; आणि जीं न्यायाचीं आहेत तीं तुम्हांस उजळ माथ्यानें भांडतां येतील.

प्रभूनें आम्हांस शेजाऱ्यावर प्रीति करावयास शिकविलें आहे. ज्या शेजाऱ्याचें तोंड आपण कधीं पाहणार नाहीं, जो ओढ्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगास राहतो, त्याजवर प्रीति करण्याची पहिली रीत हीच आहे कीं, त्याच्याविषयीं जें ठाऊक नाहीं तें बोलूं नये, आणि जें ठाऊक करून घेतां येतें तें करून घेण्याचा आळस करूं नये.